विमानतळ बीडमध्येच पार करायचा असतो



या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा दिसतो. केजच्या एका बहिणीने लिहिलंय, "अम्मी-अब्बांना उमराहला पाठवतोय. दोघांनी आजवर विमान फक्त आकाशात पाहिलंय. मुंबईच्या विमानतळावर त्यांचं कसं होईल?" माजलगावच्या एका भावाने विचारलंय, "आत गेल्यावर नेमकं कुठे कुठे उभं राहायचं?" या प्रश्नांची उत्तरं देणं माझं कर्तव्यच आहे. बीडला परत येऊन स्थायिक होण्यापूर्वी मी एकोणीस वर्षं मुंबईच्या विमानतळावर प्रवासी सेवेत नोकरी केली. काही वर्षं चेक-इनच्या काउंटरवर बसलो, नंतर विमानाच्या गेटवर उभा राहिलो. कोण आरामात जातो आणि कोण घामाघूम होऊन धावतो, हे रोज पाहिलं.

त्यातला एक प्रसंग आधी सांगतो, कारण तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

रात्रीचे दहा वाजले असतील. काउंटरवर एक वयस्कर जोडपं आलं. चाचांच्या डोक्यावर पांढरी टोपी, चाचींच्या हातात कापडी पिशवी. बोलण्यावरून लगेच ओळखलं की माणसं आपल्याकडची आहेत. धारूर भागातली निघाली. दोन एकर कोरडवाहू जमीन, कापसाचे पैसे आठ वर्षं बाजूला टाकून उमराहला निघालेली. मी पासपोर्ट घेतले आणि यादीत नावं शोधली. नावं नव्हती. मग तिकीट पाहिलं. तारीख १२, वेळ ००:४०. त्या दिवशी १२ तारीखच होती. पण ते विमान आदल्या रात्री, म्हणजे ११ ची रात्र उलटल्यावर चाळीस मिनिटांनी निघून गेलं होतं. चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटा, तारीख तो आज की ही है ना?"

तारीख आजचीच होती. त्यांचं काही चुकलं नव्हतं आणि विमान मात्र गेलं होतं. नियमाबाहेर जाऊन मला काही करता येत नव्हतं. मी त्यांना पाणी आणून दिलं, मुलाला फोन लावून दिला. तिसऱ्या दिवशी नव्या तिकिटावर ते गेले, अल्हमदुलिल्लाह. पण त्या तिकिटांत तिकडच्या खर्चासाठी ठेवलेली सगळी रक्कम गेली आणि मक्केतले दोन दिवस कमी झाले. तिकीट हातात आलं त्या दिवशी घरातल्या शिकलेल्या एका पोराने ते पाच मिनिटं नीट वाचलं असतं, तर यातलं काहीच घडलं नसतं.

एकोणीस वर्षांचा अनुभव एका वाक्यात सांगायचा तर तो हाच : विमानतळावर होणाऱ्या दहा अडचणींपैकी नऊ घरीच तयार झालेल्या असतात. म्हणून विमानतळ मुंबईत नाही, बीडमध्येच पार करायचा असतो. कसा, ते क्रमाने पाहू.

तिकीट मोठ्याने वाचा

तिकीट आलं की घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. चार गोष्टी तपासा.

पहिली, तारीख आणि वेळ. विमानाचं घड्याळ चोवीस तासांचं असतं. आखाताकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. वेळ ०० पासून ०३ पर्यंत असेल तर घरातून निघायचा दिवस तिकिटावरच्या तारखेच्या आदला असतो. कॅलेंडरवर त्या आदल्या दिवसाभोवतीच लाल गोल करा आणि शेजारी लिहा, "आज रात्री आठला विमानतळावर".

दुसरी, विमानतळ कोणता. आंतरराष्ट्रीय विमानांसाठी मुंबईत सहारचं टर्मिनल २ आहे, अंधेरी पूर्वेला. सांताक्रूझचं टर्मिनल १ देशांतर्गत विमानांसाठी आहे. दोन्ही एकाच विमानतळाचे भाग असले तरी त्यांचे रस्ते वेगळे आहेत आणि गर्दीच्या वेळी एकाकडून दुसऱ्याकडे जायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. शिवाय नवी मुंबईच्या विमानतळावरूनही डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटू लागली आहेत. बीडहून पुण्यामार्गे येणाऱ्याला तो आधी लागतो. त्यामुळे गाडीवाल्याला नुसतं "मुंबई एअरपोर्ट" सांगू नका, विमानतळाचं आणि टर्मिनलचं पूर्ण नाव सांगा.

तिसरी, नाव. आपल्या मराठवाड्यात हा मोठा घोळ आहे. आपण नाव लिहितो "शेख अमुक शेख तमुक". आडनाव पुढे, वडिलांच्या नावाआधी ते पुन्हा एकदा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाचा वेगळा असतो. त्यात 'शेख' इंग्रजीत कुणी ए-आय घालून लिहितं, कुणी ई-आय घालून. आधार कार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. तिकिटावर आणि व्हिसावर तेच नाव हवं जे पासपोर्टवर आहे, अक्षर न अक्षर. एजंटला नाव फोनवर सांगू नका, पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवा. तिकीट आल्यावर पासपोर्ट शेजारी धरून बोट ठेवत जुळवा. चूक आठ दिवस आधी सापडली तर एजंट दुरुस्त करून घेऊ शकतो, काउंटरवर सापडली तर वेळ हातात नसतो.

ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, त्यांनी आणखी जपावं. आपल्या अनेक आई-बहिणींच्या पासपोर्टवर एकच नाव असतं. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ च्या नोव्हेंबरपासून अशा एकेरी नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने येणं बंद केलं. मुलाला भेटायला दुबईला जायचं असेल तर हे आधी पाहून घ्या.

चौथी, पासपोर्टची मुदत. प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवी.

नोकरीसाठी निघालेल्या तरुणांनाही इथेच दोन शब्द. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' असं लिहिलेलं असतं. असा तरुण सौदी, अमिरात, कतार, कुवेत अशा ठरावीक १८ देशांत कामाला निघाला तर त्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे आधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. "आता व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर कामाचा व्हिसा लावून देतो," असं एजंट म्हणत असेल तर पैसे खिशातच ठेवा. असा मुलगा एक तर इथल्या इमिग्रेशनवर अडकतो, नाही तर तिकडे बेकायदा ठरतो. दुसरं जास्त वाईट.

बॅग भरताना

आपल्याकडे प्रवासाची बॅग म्हणजे अर्धं स्वयंपाकघर. आईचा जीव असतो त्यात, मी समजू शकतो. पण काही वस्तू घरीच राहिल्या पाहिजेत.

खसखस सगळ्यात आधी काढा. आपल्यासाठी ती मसाल्यातली साधी वस्तू, पण सौदी अरेबियात आणि अमिरातीत ती अमली पदार्थांत मोडते. नुसती पुडी नाही, डिंकाचे लाडू, अनारसे, घरचा मसाला यांतही ती असते. मुलाच्या मायेने दिलेला लाडवांचा डबा त्याला पोलिसांसमोर उभा करू शकतो. गुटखा आणि मावासुद्धा घरीच.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका. खोबऱ्यात तेल भरपूर असल्याने ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात ते हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि खाली टाकायच्या बॅगेतही नाही. काडेपेटी आणि लायटर यांचंही तसंच.

लोणचं, तेल, मध, अत्तर, शाम्पू असं काहीही पातळ असेल तर ते मोठ्या बॅगेत, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून. हातातल्या बॅगेत फक्त १०० मिलीपर्यंतच्या बाटल्या चालतात, त्याही सगळ्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. बाटली मोठी आणि आत थोडंसंच शिल्लक, हेही चालत नाही. बाटलीवर छापलेलं माप पाहतात. मिरची पूड, कात्री आणि चाकूसुद्धा मोठ्या बॅगेतच. उमराहनंतर केस कापायला घेतलेली छोटी कात्री हँडबॅगेतून काढून घेताना मी शेकडो वेळा पाहिली आहे.

पॉवर बँकचं बरोबर उलट. ती मोठ्या बॅगेत कधीच टाकायची नाही, हातातच ठेवायची. बॅग खाली गेल्यावर तपासणीत ती दिसली तर बॅग थांबवतात, माणसाला शोधत येतात, आणि इकडे विमानाची वेळ होते.

औषधं हातातल्या बॅगेत, त्यांच्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सुट्ट्या गोळ्या डबीत भरून नेऊ नका. दुखण्यावरच्या काही गोळ्या, जसं ट्रामाडॉल, झोपेच्या काही गोळ्या आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधं यांवर आखाती देशांत कडक निर्बंध आहेत. डॉक्टरांना सांगा, "सौदीला जातोय, तिथे चालेल असं लिहून द्या."

वजन घरीच करा. किराणा दुकानातला काटाही चालेल. तिकिटावर किती किलो आणि किती नग लिहिलेत ते पाहा. अनेक ठिकाणी दोन बॅगा मिळून वजन मोजत नाहीत, प्रत्येक बॅगेची मर्यादा वेगळी असते. काउंटरसमोर बॅग उघडून कपडे इकडचे तिकडे करणारी माणसं पाहिली की मला त्यांच्याऐवजी संकोच वाटायचा. आणि दोरखंडाने बांधलेलं गाठोडं नेऊ नका. येताना जेद्दाहच्या विमानतळावर अशी गोल आणि दोरीची बोचकी घेत नाहीत. किमान एक बाजू सपाट असलेली बॅग हवी.

टूरवाले सगळ्यांना एकाच रंगाच्या बॅगा देतात. पट्ट्यावर अशा चाळीस बॅगा फिरू लागल्या की कुणाची कोणती, हे कळणं अवघड. जुन्या ओढणीची रंगीत चिंधी मुठीला घट्ट बांधा. आत एका कागदावर नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा.

दुसऱ्याचं पुडकं : यात तडजोड नाही

"फक्त एवढं पुडकं माझ्या पुतण्याला द्या," हे वाक्य प्रत्येक प्रवाशाला ऐकावं लागतं. नाही म्हणणं आपल्या संस्कारात बसत नाही. तरीही नाही म्हणा.

२०१९ मध्ये मुंबईचं एक तरुण जोडपं कतारला निघालं. नात्यातल्याच एका बाईने ती सहल त्यांना भेट म्हणून दिली होती आणि सोबत एक पाकीट सोपवलं होतं. दोहाच्या विमानतळावर त्यांच्या सामानात चार किलो चरस सापडला. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती, बाळ तुरुंगात जन्मलं. इकडे घरच्यांनी धावपळ केली, भारतातल्या अमली पदार्थविरोधी विभागाने तपास करून ते फसवले गेल्याचं समोर आणलं, तेव्हा २०२१ मध्ये कतारच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. जवळजवळ दोन वर्षं गेली. आणि पाकीट परक्याने दिलेलं नव्हतं, घरच्या माणसाने दिलेलं होतं.

म्हणून रीत एकच ठेवा. जे आपण स्वतः विकत घेतलं आणि स्वतः बॅगेत ठेवलं, तेवढंच आपलं. कुणाला फारच वाईट वाटत असेल तर माझं नाव सांगा. म्हणा, "सदरवाल्या भाईने मना केलंय."

बीडहून निघताना

बीडहून मुंबई साधारण चारशे किलोमीटर. रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली तर नऊ-दहा तास धरा, पण खंडाळ्याच्या घाटात एखादा ट्रक बंद पडला की सगळा हिशेब चुकतो. विमानाच्या दिवशीच बीड सोडून थेट विमानतळ गाठायचा बेत करू नका. एक दिवस आधी मुंबईत पोहोचा, नातेवाइकाकडे किंवा साध्या लॉजवर आराम करा. मुक्काम सीएसएमटी-मशीद बंदर भागात असेल तर आता मेट्रो ३ ने थेट टर्मिनल २ च्या स्टेशनवर उतरता येतं. सामान कमी असेल तर रस्त्यावरच्या गर्दीपेक्षा ते बरं. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी अर्जात निवडलेलं निघण्याचं ठिकाण आणि कमिटीने कळवलेली हजर राहायची वेळ, दोन्ही लिहून ठेवावीत आणि तीच पाळावी.

विमानतळावर विमानाच्या किमान तीन तास आधी पोहोचा. म्हातारी माणसं किंवा मोठा ग्रुप असेल तर चार तास. आंतरराष्ट्रीय विमानाचा चेक-इन काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो. बंद म्हणजे बंद, मग प्रवासी समोर उभा असला तरी.

आता निरोपाचं. एका हाजीमागे दोन जीप भरून माणसं, हार, मिठाई, रडारड. ही आपली जुनी आणि गोड रीत आहे. पण तिकीट नसलेल्या माणसाला दारातून आत सोडत नाहीत, बाहेर गाडी थांबू देत नाहीत, आणि गळाभेटी संपेपर्यंत काउंटरवरची रांग शंभर माणसांची होते. हार-फुलं, दुआ, मिठी, सगळं बीडच्या घरी, दारात करा. मुंबईला फक्त एक-दोन जण जा. ते एक-दोन मात्र प्रवासी इमिग्रेशन पार झाल्याचा फोन येईपर्यंत बाहेरच थांबोत.

आत गेल्यावर

टर्मिनल २ ला सुटणाऱ्या विमानांचा मजला सगळ्यात वर आहे. दारावर सीआयएसएफचा जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहतो. दोन्ही हातात ठेवा. फोनमध्ये तिकीट असेल तरी एक छापील प्रत घ्या, बॅटरी नेमकी तिथेच संपते. 'डिजीयात्रा' नावाचं अ‍ॅप देशातल्या प्रवासासाठी आहे, परदेशी जाताना त्याचा उपयोग नाही.

आत फलकावर आपल्या विमानाचा नंबर शोधा, समोर काउंटरचं अक्षर लिहिलेलं असतं. तिथे पासपोर्ट दाखवून मोठ्या बॅगा द्यायच्या. बदल्यात बोर्डिंग पास मिळतो आणि त्यावर बॅगेची छोटी चिठ्ठी चिकटवतात. ती चिठ्ठी जपून ठेवा, बॅग हरवली तर तोच पुरावा. मध्ये विमान बदलायचं असेल तर विचारा, "बॅग थेट जेद्दाहला जाईल ना?"

पुढे इमिग्रेशन. तिथले अधिकारी विचारतात, कुठे, कशासाठी, किती दिवस. उत्तर लहान आणि खरं द्या. "उमराह. पंधरा दिवस. हे परतीचं तिकीट." बस. आखातात वरचेवर ये-जा करणाऱ्या भावांसाठी सोयीची गोष्ट म्हणजे जानेवारी २०२५ पासून मुंबईतही जलद इमिग्रेशनची यंत्रणा आली आहे. गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अर्ज करून एकदा बोटांचे ठसे आणि फोटो दिले की रांगेऐवजी यांत्रिक दारातून जाता येतं.

मग सुरक्षा तपासणी. फोन, पॉवर बँक, लॅपटॉप, पट्टा, नाणी, सगळं ट्रेमध्ये. इथे लोक सगळ्यात जास्त विसरतात ते पासपोर्ट. ट्रेमधून वस्तू घेताना तोंडाने मोजा : पासपोर्ट, बोर्डिंग पास, फोन, पाकीट.

शेवटी गेट. गेटचा नंबर बदलू शकतो, म्हणून अधूनमधून फलक पाहा. नमाजची वेळ होत असेल तर आधी गेट पाहून घ्या, मग जवळच शांत कोपरा शोधा. वजू आधीच करून ठेवलेला बरा. विमान सुटायच्या बऱ्याच आधी गेट बंद होतं आणि नाव पुकारलेलं प्रत्येकाला ऐकू येतंच असं नाही.

एक गोष्ट ग्रुपने जाणाऱ्यांसाठी. सगळ्यांचे पासपोर्ट एकाच माणसाच्या पिशवीत ठेवू नका. तो माणूस हरवला की चाळीस जण अडकतात. ज्याचा पासपोर्ट त्याच्या गळ्यात. लहान मुलांच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी.

बुरखा, दाढी आणि प्रश्न

बहिणी विचारतात, तपासणीत पडद्याचं काय? महिलांची अंगझडती महिला कर्मचारीच घेते, पडद्याआडच्या जागेत. इमिग्रेशनवर चेहरा पासपोर्टच्या फोटोशी जुळवावा लागतो, त्याला इलाज नाही. पण "महिला अधिकाऱ्यासमोर दाखवते" असं शांतपणे सांगता येतं. थोडं थांबावं लागेल, तेवढा वेळ हाताशी ठेवा. नकाब पिनांनी गच्च न बांधता सहज उघडेल असा बांधा. बांगड्या आणि स्टीलच्या पिना कमी असल्या की यंत्र कमी वाजतं.

तरुण विचारतात, दाढी-टोपी पाहून थांबवतात का? जास्तीचे प्रश्न कधी विचारले जातात आणि कधी विचारणाऱ्याचा सूर खटकतो, हे मी नाकारणार नाही. पण सगळे कागद एका फाइलमध्ये, क्रमाने लावलेले असलेल्या माणसाला फार वेळ थांबवून ठेवलेलं मी क्वचितच पाहिलं. आवाज चढवू नका. काही चुकीचं वाटलं तर वरिष्ठांना भेटायचं आहे असं सांगा, वेळ आणि काउंटर नंबर लिहून ठेवा, तक्रार नंतर लेखी करा. आणि बॉम्ब, बंदूक असले शब्द गमतीतही तोंडातून काढू नका. विमानतळावर ही गंमत गुन्हा ठरते.

म्हाताऱ्यांसाठी व्हीलचेअर

टर्मिनलमध्ये चालणं खूप असतं. गुडघे दुखणाऱ्या, दम लागणाऱ्या प्रत्येक बुजुर्गासाठी व्हीलचेअर मागा. तिकीट काढतानाच मागायची, निदान ४८ तास आधी. गरजूंसाठी तिचे पैसे नसतात. "अजून चालता येतं की मला," असं अब्बा म्हणतील. ऐकू नका.

२०२४ च्या फेब्रुवारीत परदेशातून मुंबईत उतरलेल्या ऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांचा मृत्यू झाला. पती-पत्नी दोघांसाठी व्हीलचेअर सांगितलेली होती, एकच मिळाली. पत्नी तिच्यात बसल्या, ते सोबत चालत निघाले आणि इमिग्रेशनजवळ कोसळले. विमान वाहतूक महासंचालनालयाने पुढे त्या विमान कंपनीला ३० लाखांचा दंड केला. यातून घ्यायचं एवढंच : खुर्ची येईपर्यंत बसून राहा. खुर्ची उशिरा आली तर रांगेचा वेळ जाईल, जीव जाणार नाही.

एहराम कुठे ठेवायचा

हे लिहिण्याचं कारण, ही चूक दर महिन्याला होते. विमान थेट जेद्दाहला जाणार असेल तर मीकात हवेतच येते, उतरायच्या आधी. म्हणजे एहराम विमानात चढण्यापूर्वी बांधलेला हवा, नाही तर निदान हातातल्या बॅगेत हवा. मोठ्या बॅगेत टाकला की तो विमानाच्या पोटात गेला. जेद्दाहच्या विमानात असे काकुळतीला आलेले भाऊ मी पाहिले आहेत. आधी मदिन्याला जाणाऱ्यांनी एहराम तिथून निघताना बांधायचा असतो. म्हणून विमान आधी कुठे उतरतं हे तिकिटावर पाहा आणि बाकीचा मसला आपल्या मशिदीच्या मौलानांना निघण्यापूर्वी विचारून घ्या.

परत येताना

जमजम कपड्यांत गुंडाळून बॅगेत भरू नका. जेद्दाहच्या विमानतळावर मोठ्या बॅगेत कोणतंही पाणी चालत नाही, बॅग उघडून काढून टाकतात. पाच लिटरचा वेगळा, सीलबंद खोका घ्यायचा, तोच विमान कंपनी स्वीकारते.

सोन्याच्या बाबतीत गैरसमज फार आहेत. परदेशातून दागिने आणायची जी करमाफी आहे ती वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिलेल्यांसाठी आहे. पंधरा दिवसांच्या उमराहवरून येणाऱ्यांना ती लागू नाही. अंगावर जास्त दागिने घालून जाणार असाल तर जातानाच कस्टम्सकडून प्रमाणपत्र घेता येतं, म्हणजे येताना वाद नाही. खरं तर उमराहला दागिने घरीच ठेवलेले उत्तम. आणि "या दोन बांगड्या फक्त घालून जा, बाहेर आमचा माणूस घेईल," असं तिकडे कुणी म्हणालं तर पुडक्याचा नियम आठवा.

धारूरच्या त्या चाचांचा मुलगा दोन वर्षांनी मला काउंटरवर भेटला. सासू-सासऱ्यांना सोडायला आला होता. त्याने त्यांचं तिकीट पुढे केलं. वेळेवर पेनाने गोल केलेला होता आणि शेजारी मराठीत लिहिलं होतं, "आदली रात्र". मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही. दोन्ही बॅगांच्या मुठीला हिरव्या ओढणीची चिंधी बांधलेली होती.

निघायच्या आदल्या दिवशी घरातल्या एकाने हे वाचावं आणि दुसऱ्याने "हो" म्हणत जावं : तारीख आणि रात्र पाहिली? टर्मिनल पाहिलं? नाव जुळलं? खसखस आणि खोबरं काढलं? पॉवर बँक, औषधं, एहराम हातातल्या बॅगेत? दुसऱ्याचं पुडकं नाही ना? व्हीलचेअर सांगितली? छापील तिकीट घेतलं?

आठही उत्तरं "हो" आली तर निश्चिंत निघा. आणि तिथे पोहोचल्यावर आम्हा सर्वांना दुआत याद ठेवा.

अल्लाह हाफिज.